रॉक बँडच्या लीड सिंगरची कारकीर्द किती टिकते, आणि कशावर टिकते?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही चार वर्षं एका रॉक बँडमध्ये मुख्य गायक आहात. हल्ली कार्यक्रमानंतर दोन-दोन दिवस आवाज बसलेला असतो. गाणी बहुतेक गिटारवाला लिहितो, पण लोक ओळखतात ते तुम्हाला. आता एका रेकॉर्ड कंपनीने बँडला वगळून फक्त तुमच्याशी करार करायची तयारी दाखवली आहे. नोकरी सोडून यातच उतरावं का, आणि उतरलं तर यात किती वर्षं निघतील, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी बरीच वर्षं बँडसमोर उभी राहून गायले. आता आवाज कसा वापरायचा हे शिकवते, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण बँडमध्येच गाणारे असतात. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. लीड सिंगरची कारकीर्द सहसा ‘गाता येत नाही’ म्हणून संपत नाही. आवाज स्वतःच्याच बँडच्या गोंगाटात झिजतो, नाहीतर गायकाच्या प्रसिद्धीमुळे बँड आतून तुटतो. तुमच्या प्रश्नात या दोन्हींची सुरुवात मला दिसते, म्हणून या दोन गोष्टींवरच जास्त लिहिते.

आवाजापासून सुरुवात करू. आवाज बसला की सगळे घशाकडे धावतात. मी आधी तालमीची खोली बघते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात ठरवून काही होत नाही. स्वतःचा आवाज कानावर आला नाही की घसा आपोआप जोर लावतो. लहान बंद खोलीत ड्रम आणि दोन अ‍ॅम्प एकत्र वाजले की पातळी सहज १०० डेसिबलपर्यंत जाते, आणि त्यात दोन तास गाणं म्हणजे प्रत्यक्षात दोन तास ओरडणं असतं. कार्यक्रम महिन्यातून दोन-तीनच असतात, तालीम मात्र दर आठवड्याला. म्हणून आवाजाची खरी झीज तालमीत होते आणि कार्यक्रमाच्या रात्री ती फक्त उघडी पडते.

उपाय घशाच्या बाहेर आहेत. गिटारवाल्याचा अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि त्याचा रोख त्याच्या गुडघ्यांकडे असतो. त्याला स्वतःला तो कमी ऐकू येतो, म्हणून तो वाढवत जातो, आणि तो सगळा आवाज सरळ तुमच्या माइकमध्ये शिरतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवायला सांगा किंवा मागे कलवून रोख त्याच्या कानाकडे करायला सांगा. तो आपणहून आवाज कमी करेल, वाद घालावा लागणार नाही. पायाशी ठेवलेला मॉनिटर, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, माइकला सर्वांत कमी ऐकू येतं अशाच जागी हवा. १९६६ पासून रॉकच्या मंचावर सर्रास दिसणारा शूअर कंपनीचा एसएम५८ हा माइक कार्डिऑइड जातीचा, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा आहे. त्याला थेट पाठीमागून येणारं जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर तुमच्या बरोबर समोर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माइकला मात्र पाठीमागचं थोडं ऐकू येतं, त्यामुळे तिथे मॉनिटर माइकच्या मागच्या बाजूला तिरका, एका कडेला ठेवावा लागतो. एवढ्या एका बदलाने फीडबॅक, म्हणजे माइक-स्पीकरमधली कर्कश शिट्टी, न येता तुमचा आवाज बराच वर चढवता येतो.

आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. फोटोत ते झकास दिसतं, पण जाळी झाकली की माइकचा दिशेचा गुण नाहीसा होतो, तो सगळीकडचा आवाज घेऊ लागतो, फीडबॅक येतो आणि शब्द बोदे होतात. मग साउंडवाल्याला तुमचा आवाज वाढवताच येत नाही आणि तुम्ही आणखी जोर लावता. हे दुष्टचक्र मी इतक्या गायकांमध्ये पाहिलंय की नवा विद्यार्थी आला की मी आधी त्याचा हात बघते.

शक्य होईल तेव्हा इन-इअर मॉनिटर (कानात घालायचे छोटे स्पीकर) घ्या, पण घेतलेत तर दोन्ही कानांत घाला. एक कान उघडा ठेवला की त्या कानाने मंचाचा पूर्ण गोंगाट ऐकू येतो आणि त्याच्यावर मात करायला तुम्ही दुसऱ्या कानातला आवाज वाढवता. दोन्ही कान जातात. प्रेक्षक ऐकू येत नाहीत अशी तक्रार असते, त्यावर उपाय म्हणजे मंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावायचे आणि त्यांचा आवाज आपल्या मिक्समध्ये घ्यायचा.

कान हा गायकाच्या कारकिर्दीचा भाग आहे, हे फार उशिरा लक्षात येतं. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहता येतं. पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटं उरते. एसी/डीसी या बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला तो घशामुळे नव्हे. पुढे गात राहिलात तर पूर्ण बहिरेपण येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. उरलेले कार्यक्रम अ‍ॅक्सल रोझ यांनी गायले. जॉन्सन २०२० च्या अल्बमात परतले, पण अशी दुसरी संधी फार थोड्यांना मिळते.

आता प्रत्यक्ष घसा. स्वरतंतू म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन नाजूक घड्या. ४४० हर्ट्‌झचा सूर लावला की त्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आदळतात. जोर जास्त, तसा आघात जास्त. रोज थोडा थोडा आघात होत राहिला की दोन्ही बाजूंना सूज येते आणि पुढे त्याच जागी गाठी धरतात. एखाद्या किंकाळीत रक्तवाहिनी फुटली तर मात्र ते क्षणात घडतं. आवाज एकदम, वेदना न होता जातो, आणि तेव्हा गाणंच नव्हे तर बोलणंही ताबडतोब थांबवायचं असतं. घसा दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, या समजुतीने बऱ्याच जणांचं नुकसान झालंय. स्वरतंतूंना वेदना फारशी कळतच नाही. म्हणूनच घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून मंचावर जाऊ नका. जी थोडी सूचना मिळणार असते तीही मग मिळत नाही.

सूज ओळखायची एक सोपी चाचणी मी सगळ्यांना शिकवते. रोज सकाळी कुठल्याही ओळखीच्या गाण्याची एक ओळ आपल्या वरच्या पट्टीत, शक्य तितक्या हळू आवाजात गा. जोरात गाऊ नका. जोर लावला की सूज झाकली जाते. स्वर लागायला क्षणभर उशीर झाला, आधी नुसती हवा आली किंवा मध्येच सूर तुटला, तर स्वरतंतू सुजलेले आहेत. कालपर्यंत जिथे सूर स्वच्छ लागत होता तिथे आज लागत नाही, एवढं कळलं तरी पुरे. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी थोडा फरक पडणं स्वाभाविक आहे. तो दोन-दोन दिवस राहतो, हे तुमचं लक्षण मला काळजीचं वाटतं. कुणाचाही आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर स्वरयंत्राची तपासणी व्हायला हवी, असं कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतात. तुमची उपजीविका आवाजावर असेल तर मी तेवढंही थांबणार नाही. तपासणीत स्ट्रोबोस्कोपी करतात का, हे आधी विचारा. नुसत्या दिव्याने पाहिलं तर स्वरतंतू आहेत एवढंच दिसतं. ते थरथरतात कसे हे स्ट्रोबोस्कोपीत दिसतं, आणि गायकाचा दोष त्या थरथरण्यातच असतो.

रॉकमध्ये खरखरीत, फाटलेला आवाज हवा असतो आणि तो वाईटच, असं मी मुळीच मानत नाही. नीट शिकलेला गायक ती खरखर स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांमधून काढतो आणि खाली मूळ सूर मोकळा ठेवतो. बाहेरून तो किंचाळल्यासारखा वाटतो, पण हवा आणि जोर दोन्ही बेताचे असतात. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी मेटल गायकांना हेच शिकवण्यात हयात घालवली आहे. कसोटी साधी आहे. खरखरीत ओळ गाऊन झाल्याबरोबर तीच ओळ स्वच्छ आणि हळू आवाजात गाता आली, तर तुम्ही बरोबर करताय. नाही आली, तर ती खरखर स्वरतंतूंवरच घासून निघतेय.

पाणी प्या, पण ते स्वरतंतूंपर्यंत थेट पोचत नाही. ते अन्ननलिकेत जातं. त्याचा परिणाम शरीरातून, काही तासांनी होतो, म्हणून मंचावरच्या बाटलीपेक्षा दुपारचं पाणी महत्त्वाचं. गाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आणि गाऊन झाल्यावर पाच मिनिटं, पातळ नळीतून किंवा ओठ थरथरवत खालपासून वरपर्यंत सूर फिरवा. इंगो टिट्झे यांच्या संशोधनामुळे नळीचा हा व्यायाम जगभर रुळला. यात तोंडाकडून येणारा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते कमी आघातात मिटतात. कार्यक्रम संपल्यावर गर्दीत, मोठ्याने लावलेल्या संगीतावर ओरडून तासभर गप्पा मारणं हे दीड तासाच्या गाण्यापेक्षा जास्त महागात पडतं. चाहत्यांना भेटायचं असेल तर शांत जागी भेटा. सलग दोन रात्री गा, तिसरी मोकळी ठेवा, आणि हा नियम दौऱ्याच्या तारखा ठरवताना मांडा. तारखा छापून झाल्यावर कुणी ऐकत नाही.

गाण्याची पट्टी स्टुडिओत ठरते, आणि ती ठरवताना गायकाने ठाम राहायला हवं. स्टुडिओत एकेक ओळ विसाव्या प्रयत्नाला जमली तरी चालते; मंचावर तीच ओळ तासभर गाऊन झाल्यावर, वर्षानुवर्षं, एका प्रयत्नात लावायची असते. तुमचा सर्वांत वरचा सूर कोरसमध्ये आठ वेळा येत असेल तर पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवा. गिटार खाली ट्यून केल्या की वाजवण्याची बोटं तीच राहतात, आणि रॉकमध्ये ही पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. सेटलिस्टमध्ये तीन अवघड गाणी सलग येऊ देऊ नका.

एवढं सगळं केलं तरी वय काम करतंच. बॉन जोव्ही बँडचे गायक जॉन बॉन जोव्ही यांचा एक स्वरतंतू क्षीण होत गेला आणि २०२२ मध्ये त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एरोस्मिथ बँडचे गायक स्टीव्हन टायलर यांनी २००६ मध्ये घशाची शस्त्रक्रिया करून पुढे बरीच वर्षं गायली, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मंचावर झालेल्या दुखापतीतून आवाज पूर्ण सावरला नाही आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. टायलर तेव्हा ७६ वर्षांचे होते. म्हणजे ‘किती वर्षं’ याचं उत्तर पन्नासही असू शकतं. मिक जॅगर १९६२ पासून रोलिंग स्टोन्स या एकाच बँडसमोर गातायत आणि २०१९ मध्ये हृदयाच्या झडपेवर उपचार झाल्यावर त्याच वर्षी पुन्हा दौऱ्यावर गेले.

मंचावरच्या वावराबद्दल थोडक्यात. लीड सिंगरचं काम दोन गाण्यांच्या मधल्या वेळातही चालू असतं. गिटारची तार तुटली, ड्रमवाल्याला श्वास घ्यायचाय, अशा वेळी सभागृह सांभाळायचं तुम्हीच. क्वीन या बँडने १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, जेमतेम २१ मिनिटं गाणी सादर केली. उत्स्फूर्त वाटणारा तो संच आधी कसून बसवलेला होता. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, कुठे कापायचं, कुठे श्रोत्यांना गायला लावायचं, हे ठरलेलं असलं की गायकाचं लक्ष माणसांकडे राहतं. दिसणं, कपडे, सोशल मीडिया यांवर लोक फार वेळ घालवतात. माझ्या मते त्याच वेळात मधल्या बोलण्याची तालीम केलेली जास्त उपयोगी.

आता बँड. इथे बरेच जण गप्प बसतात, म्हणून स्पष्ट लिहिते. गाण्यातून येणारा पैसा दोन वेगळ्या हक्कांतून येतो. एक हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. गाणारा फक्त गात असेल तर रचनेच्या हक्कात त्याला काहीच मिळत नाही, मग त्याचा चेहरा कितीही पोस्टरांवर असो. रचनेचा पैसा मात्र दौरे थांबल्यावरही येत राहतो. क्वीनचंच उदाहरण घ्या. त्यांच्या १९७५ च्या सर्वांत गाजलेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमवादक रॉजर टेलर यांचं गाणं होतं. त्यामुळे त्या तबकडीच्या प्रत्येक विक्रीमागे टेलर यांना पुढच्या बाजूच्या गाण्याच्या रचनाकाराइतकाच हिस्सा मिळाला, आणि यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली. पुढे १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या, म्हणजे क्वीनच्या नावावर लावायचं ठरवलं. आर.ई.एम. आणि यू२ यांनीही बँडच्या एकत्रित नावाने श्रेय देण्याची पद्धत ठेवली, आणि हे दोन्ही बँड फार लांबपर्यंत टिकले. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

तुमच्या बाबतीत आधी एक तपासा: गिटारवाला ‘गाणं लिहितो’ म्हणजे नेमकं काय लिहितो? पुष्कळ बँडमध्ये तो रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) आणि कॉर्ड आणतो, आणि त्यावर गायची चाल व शब्द गायकाला सुचतात. तसं असेल तर तुम्ही सहरचनाकार आहात आणि तुमचं नाव तिथे यायलाच हवं. एडी व्हेडर पर्ल जॅममध्ये आले तेच या वाटेने. १९९० मध्ये ते सॅन दिएगोत राहत होते. सिअ‍ॅटलच्या वादकांनी ध्वनिमुद्रित केलेली, गायन नसलेली एक कॅसेट त्यांच्या हाती आली. त्यांनी त्यावर शब्द आणि चाल रचून, गाऊन ती परत पाठवली. त्या कॅसेटमधला आवाज उत्तम होताच, पण बँडला मिळाला तो लिहिणारा गायक. उलट बाजूला ‘द हू’ या बँडचे गायक रॉजर डाल्ट्री आहेत. त्यांनी जन्मभर मुख्यतः बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी लिहिलेलं गायलं, आणि दुसऱ्याचे शब्द आपलेसे करून गाण्याची ती कला मी फार मोठी मानते. पण तसं करायचं तर कार्यक्रमांचं उत्पन्न तुमचा मुख्य आधार राहणार, हे धरून चाला. काहीही असो, गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी कुणाचा किती वाटा हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. एक पान पुरतं. गाणं गाजल्यावर हा हिशेब करायला बसलेले बँड बहुधा वकिलांकडेच पोचतात.

आणि आता त्या कंपनीचा करार. कंपनीला एकट्या गायकाशी करार सोयीचा असतो: एकच सही, एकच चेहरा, वादक बदलता येतात. यात फसवणूक असतेच असं नाही, पण परिणाम ओळखून घ्या. पॅरामोर हा बँड म्हणूनच जगाला माहीत आहे, पण कंपनीचा करार फक्त गायिका हेली विल्यम्स यांच्याशी होता. त्या तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या आणि मला बँडच हवा असा आग्रह त्यांनी स्वतः धरला होता. तरीही डिसेंबर २०१० मध्ये दोन संस्थापक वादक बाहेर पडले तेव्हा त्यांच्या जाहीर तक्रारीत हाच करार पुढे आला. त्यातले एक, ड्रमवादक झॅक फॅरो, २०१७ मध्ये परतले. चांगला हेतू असूनही कागदावरचा फरक वर्षानुवर्षं मनात सलत राहतो, हे यातून दिसतं. ब्लाँडीला तर ‘ब्लाँडी हा एक बँड आहे’ असे बिल्ले काढावे लागले होते, इतकं लोकांनी ते नाव एकट्या गायिका डेबी हॅरी यांना चिकटवलं होतं.

करार वाचताना मी तीन ठिकाणी बोट ठेवते. पहिलं, मुदत वर्षांत आहे की अल्बमांत. अल्बमांत असेल आणि पुढचा अल्बम घ्यायचा की नाही हे फक्त कंपनीच ठरवणार असेल, तर तुम्ही अनिश्चित काळ बांधलेले राहता. दुसरं, ध्वनिमुद्रण झाल्यावर ते ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीने घेतली आहे का, आणि केलं नाही तर तुम्हाला सुटता येतं का. तिसरं, कार्यक्रम, टी-शर्ट, जाहिराती यांच्या उत्पन्नातही कंपनी वाटा मागते का, आणि त्या बदल्यात तिथे ती नेमकं काय करणार आहे. बँडसह करार झाला तर आणखी एक कलम बघा: बाहेर पडणाऱ्या सदस्याच्या पुढच्या कामावरही हक्क सांगण्याची तरतूद बऱ्याच करारांत असते, आणि ती सर्वांत जास्त गायकावरच लागू होते. वकील स्वतःचा घ्या. कंपनीने सुचवलेला किंवा तिने फी भरलेला नको.

बँडचं नाव कुणाचं, हेही आजच लिहून ठेवा. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडले आणि नाव कुणी वापरायचं यावरून वाद झाला. तो १९८७ मध्ये तडजोडीने मिटला, नाव उरलेल्यांकडे राहिलं. क्वीन्सराइकने २०१२ मध्ये गायक जेफ टेट यांना काढलं, आणि त्यानंतर काही काळ त्याच नावाचे दोन बँड एकाच वेळी दौऱ्यावर होते. २०१४ च्या तडजोडीत नाव बाकीच्यांना मिळालं. नाव वादकांकडे राहतं असं वारंवार घडतं, ही गोष्ट एकट्याने निघायचा विचार करणाऱ्या गायकाने लक्षात ठेवावी.

कारण गायक बदलूनही बँड चालतो. एसी/डीसीचे आधीचे गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारले आणि त्याच वर्षी जुलैत नव्या गायकासह, म्हणजे ब्रायन जॉन्सन यांच्यासह, आलेला अल्बम जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. गायक डेव्हिड ली रॉथ यांच्याशी फाटल्यावर व्हॅन हेलनला अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचा पहिला अल्बम मिळाला तो १९८६ मध्ये, सॅमी हेगर यांच्यासोबत. गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिस सोडून गेले तेव्हा बँडने ड्रमवादक फिल कॉलिन्स यांनाच पुढे उभं केलं. जर्नी बँडचे गिटारवादक नील शॉन यांना २००७ मध्ये यूट्यूबवर फिलिपिन्सचे अर्नेल पिनेडा सापडले आणि ते आजवर गातायत. हे घाबरवायला सांगत नाही. गॅब्रिएल यांचं एकट्याचं काम जेनेसिसइतकंच मोलाचं ठरलं, दोन्ही बाजू फुलल्या. पण ते निघाले ते स्वतःची गाणी लिहिणारे म्हणून. तुमच्याजवळ आज स्वतःची लिहिलेली किती गाणी आहेत, जी बँडशिवाय उभी राहतात? एकट्याने जाण्याचा निर्णय मी याच मोजमापाने घेईन.

मधली वाटही आहे. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये आयर्न मेडन हा बँड सोडून गेले, एकट्याचं काम केलं, १९९९ मध्ये परतले आणि त्यानंतरचा बँडचा काळ आधीइतकाच भरभराटीचा झाला. गायक रॉब हॅलफर्ड जूडस प्रीस्ट या बँडमधून १९९२ मध्ये गेले, २००३ मध्ये परतले. जॅगर यांनी १९८५ मध्ये एकट्याचा अल्बम काढला तेव्हा बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्याशी त्यांचं चांगलंच बिनसलं, आणि स्टोन्सचा दौरा १९८९ पर्यंत झाला नाही. तरी बँड राहिला. ज्यांना परत येता आलं, त्यांच्यामागे परतण्याजोगा बँड शिल्लक होता. म्हणून कंपनीची गोष्ट बँडला आजच सांगा. तुमच्या तोंडून ऐकणं आणि बाहेरून कळणं यात फार अंतर असतं, आणि हा विश्वास एकदा गेला की गाणी कितीही चांगली असोत, तालमीत कुणी डोळ्याला डोळा देत नाही.

नोकरीबद्दल. या धंद्यात पैसा सारखा येत नाही: दौऱ्याचे तीन महिने भरलेले, पुढचे पाच रिकामे. वर्षभराचा खर्च बाजूला नसेल आणि कार्यक्रमांचं उत्पन्न सलग वर्षभर तुमच्या गरजा भागवत नसेल, तर मी नोकरी सोडायला सांगणार नाही. पूर्णवेळ झाल्यावरही गाण्याला लागून दुसरं काम जोडा: इतरांच्या ध्वनिमुद्रणात पार्श्वगायन, जाहिरातींची गाणी, शिकवणं, इतरांसाठी लेखन. डिकिन्सन यांनी तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि बँडचं विमान स्वतः चालवलं. २०१४ च्या अखेरीस त्यांना जिभेच्या मागच्या भागातल्या कर्करोगाचं निदान झालं, उपचारांनंतर ते पुन्हा मंचावर आले. त्या काळात त्यांना काय बळ देत होतं हे मी सांगू शकत नाही. पण ज्या गायकांच्या आयुष्यात गाण्याखेरीज काहीतरी असतं ते आजारपणात आणि रिकाम्या महिन्यांत जास्त सावरून राहतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. कार्यक्रम संपल्यावरची रात्र गायकाला अवघड जाते. हजार माणसांनी तुमच्याबरोबर गायलेलं असतं, आणि तासाभरात तुम्ही एका खोलीत एकटे असता. झोप येत नाही. दारू तिथे शिरते. बॉन स्कॉट दारूनेच गेले, ३३ व्या वर्षी. लिंकिन पार्कचे चेस्टर बेनिंग्टन नैराश्याबद्दल उघड बोलत असत, आणि २०१७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. लीड सिंगरने दुःख मंचावर मांडलं की त्याची काळजी घेतली गेली असं भोवतालच्यांना वाटतं; तसं नसतं. दौऱ्यावर असताना रोज एका माणसाशी, बँडबाहेरच्या, बोलण्याची सवय ठेवा, आणि मन खचत असेल तर घशासाठी जसं डॉक्टरांकडे जाल तसंच मनासाठीही जा.

तुमच्या जागी मी पुढचा महिना असा घालवेन. कंपनीला लेखी कळवा की विचाराला चार आठवडे हवेत. खरं स्वारस्य असलेली कंपनी तेवढी थांबते. पहिल्याच आठवड्यात स्वरयंत्राची तपासणी करून घ्या. सूज असेल तर सक्तीची विश्रांती आणि स्वरोपचार हेच आधी, कारण सुजलेल्या आवाजाने अल्बमाच्या तारखा कबूल करणं धोक्याचं आहे. तालमीच्या खोलीतले अ‍ॅम्प हलवा. बँडसोबत बसून आतापर्यंतच्या प्रत्येक गाण्याचे वाटे लिहून काढा, नावाचा हक्क ठरवा. त्यानंतर स्वतःच्या वकिलाला घेऊन कंपनीला विचारा की हाच करार पूर्ण बँडशी करायला ते तयार आहेत का, आणि नसतील तर का नाहीत. आणि तपासणीची चित्रफीत मागून घेऊन स्वतःकडे जपून ठेवा. आवाज निरोगी झाल्यावर पुन्हा एकदा तशीच काढून घ्या. पुढे कधी दुखापत झाली तर डॉक्टरांना तुलना करायला तीच लागते.